टेक म्हणजे घेणे

१४ जानेवारी, मंगळवार

स्पीच थेरपीच्या क्रांती मॅडम म्हणाल्या, "आजी, सर दिवसभरात काय बोलतात, कशाला काय म्हणतात, ते रोज लिहून ठेवा. मला उपयोग होतो." म्हणून पतसंस्थेची या वर्षीची डायरी काढली. मॅडमना हवं तेवढंच लिहायचं, असं ठरवलंय. पण पान मोठं आहे आणि दिवसभर बोलायला माणूस नाही.

ह्यांना एकवीस डिसेंबरला झटका आला. सकाळी दाढी करताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बारा दिवस दवाखान्यात काढले, दोन तारखेला राजारामपुरीतल्या घरी आणलं. कुरुंदवाडच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. तोंडातून आवाज निघतो, शब्द नाही.

आज संक्रांत. तिळगुळाची वडी चुरून त्यांच्या ओठाला लावली आणि सवयीनं बोलून गेले, तिळगूळ घ्या, गोड बोला. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. तोच हे म्हणाले, "टेक."

स्पष्ट. टेक. मला वाटलं पाठ दुखतेय, टेकायचं असेल. मागे लोड सरकवला. डाव्या हातानं ढकलून दिला. "टेक." उशी दिली, तीही ढकलली. "टेक! टेक!" आडवं करायला गेले तर डोळ्यांत पाणी.

पण शब्द आला. चोवीस दिवसांनी आला. पुण्याला धवलला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे, पण ग्रेट न्यूज."

१६ जानेवारी

मॅडम आल्या होत्या. ह्यांचं बोलणं ऐकून हसल्या. "आजी, हे मराठी नाही. इंग्लिश आहे. टेक म्हणजे घे."

म्हणजे परवा हे मला तिळगूळ घे म्हणत होते. आणि मी उशा आणत होते.

मी विचारलं, इंग्रजीच का? मॅडम म्हणाल्या, असं होतं कधी कधी. एकच शब्द उरतो. कुणाला देवाचं नाव उरतं, कुणाला शिवी. तोच का, ते सांगता येत नाही. हो म्हणायचं असलं तरी तोच, नाही म्हणायचं असलं तरी तोच. त्यांना वाटतं आपण पूर्ण वाक्य बोललो.

मॅडमच्या देखत काही बोलले नाही. इथं लिहिते. बेचाळीस वर्षं मी या माणसाशी मराठीत बोलले. त्यातलं एक "अगं"सुद्धा उरू नये? देवाचं नाव नाही, माझं नाही, मुलाचं नाही. उरलं ते शाळेतलं. मला मॅट्रिकला इंग्रजीत अडतीस मार्क होते. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी शाळेचे सर लोक घरी आले होते. मी चहा देताना 'टेक इट' म्हटलं. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या हिचं इंग्रजी स्टेशन आणि सोडा यांच्या पुढे गेलेलं नाही." सगळे हसले. त्यानंतर यांच्यासमोर मी इंग्रजी शब्द काढला नाही. पुढे यांना वाटत असे की मला आवड नाही.

२० जानेवारी

मॅडमसाठी:
७.१० टेक (चहा हवा).
७.३० टेक (चहा नको, बस).
८.०० टेक टेक (पांघरूण काढ).
९.१५ टेक (बहुतेक पेपर. दिला. नव्हता हवा.)
११.०० टेक (कळलं नाही)
११.१० टेक (कळलं नाही)
१२.४० टेक (भात हवा? की नको? दोन घास घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं)
४.०० टेक. खिडकीकडे बघून. कळलं नाही.

सकाळचा चहा निवृत्तीनंतर हेच करायचे. माझा कप, बशीत माझी प्रेशरची गोळी, असं पुढ्यात ठेवायचे आणि मग पेपर उघडायचे. आता चहा मी करते. माझं सगळं ध्यान ह्यांच्या गोळ्यांकडे. सकाळी पाच, दुपारी दोन, रात्री चार. एक चुकली तरी पुन्हा झटका येईल असं डॉक्टर म्हणालेत.

२३ जानेवारी

दुपारी ह्यांची डिक्शनरी उतरवली. जाड, लाल, पाठ सुटलेली. टेक शोधायला पाव तास लागला. वाटलं एक ओळ असेल. घेणे. दोन पानं भरून निघाली. घेणे, नेणे, पकडणे, पत्करणे, सोसणे, लागणे (वेळ), काढणे (फोटो), समजणे, बळकावणे. मग शेपट्या जोडलेले. टेक ऑफ म्हणजे कपडे काढणे, आणि विमान उडणे पण. टेक इन म्हणजे आश्रय देणे, आणि फसवणे पण. टेक बॅक म्हणजे परत नेणे, आणि बोललेले शब्द मागे घेणे.

ह्यांच्या शब्दाला शेपटीच नाही. पुढे कोण घेतंय ते नाही, मागे काय घ्यायचं ते नाही. मधलाच तुकडा. ह्या दोन पानांतलं नेमकं कुठलं, ते मी कसं ओळखणार?

२७ जानेवारी

मालिशला आजपासून गुंडू वस्ताद. साठीचा माणूस. गंगावेशीतल्या तालमीत लढलेला, आता अर्धांगवायूच्या माणसांना मालिश करतो. मूळचा कुरुंदवाडचा निघाला.

"सर, वळखलं का? गुंडू. नववी ब. दोनदा बशिवलासा मला इंग्लिशात."

"टेक."

"घेतो की! आता तुमचं पाय माज्या हातात हाईत. काढतोच बघा हिशोब."

ह्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात हसू आलं. महिन्यात पहिलं. वस्ताद पाऊण तास बोलत होता आणि हे प्रत्येक वाक्याला टेक म्हणत होते. चुकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. दोन माणसं गप्पा मारतात तसं. मला ते का जमत नाही? मी प्रत्येक टेकला उठते, काहीतरी आणते, आणि ते चुकीचं असतं.

जाताना वस्ताद म्हणाला, "वैनी, सरास्नी एकट्यानं उचलू नका. पैलवानावानी अंग हाय, जड. मी चारला येतोच की रोज. तवर दम धरा."

बाथरूमला चारपर्यंत दम कसा धरायचा, ते त्याला विचारायचं राहिलं. मान भरून येते, डोकं गरगरतं. वयच झालं.

२ फेब्रुवारी

माळ्यावर ह्यांच्या क्रियापदांच्या वह्या सापडल्या. एका क्रियापदाला एक वही. गेट, गो, पुट, मेक. टेकची सगळ्यात जाड. वर्षानुवर्षं भर घालत गेलेत, शाई बदललेली दिसते. इंग्रजी वाक्य आणि खाली मराठी अर्थ. मला खालचं वाचता येतं, मग वरचं हळूहळू लागतं.

शी टेक्स हर टी आफ्टर एव्हरीवन एल्स. सगळ्यांचा झाल्यावर ती आपला चहा घेते.
शी टुक इट टु हार्ट. तिने ते मनाला लावून घेतले.
आय टुक हर टु पन्हाळा ओन्ली वन्स. मी तिला पन्हाळ्याला एकदाच नेले.
ही टुक हर फॉर ग्रँटेड. त्याने तिला गृहीत धरले.

असं पानंच्या पानं 'शी'. नववी-दहावीच्या पोरांना पेन, आंबा, एसटी अशी सोपी उदाहरणं द्यायची सोडून ह्या कुठल्या बाईचं घेऊन बसले होते कोण जाणे. गृहीत धरणं मला भूमितीतलं माहीत. पन्हाळा जवळचा म्हणून घेतला असेल.

अक्षर मात्र सुंदर.

८ फेब्रुवारी

आज जे झालं ते मॅडमना दाखवायचं नाही. त्या येतील त्या दिवशी हे पान चिकटवून टाकीन.

चार दिवस झाले, सकाळच्या गोळ्यांना हे त्रास देतायत. बशीत पाच गोळ्या काढून पुढे नेल्या की डाव्या हातानं बशी माझ्याकडे ढकलतात. "टेक." मी म्हणते, अहो तुम्हीच टेक. पुन्हा ढकलतात. मी केळ्यात कुस्करून देते तेव्हा जातात कशाबशा. आज बशी इतक्या जोरात ढकलली की गोळ्या कॉटखाली गेल्या. मी वाकून, गुडघ्यावर बसून एकेक शोधली. पाचवी सापडेना. वर बघते तो हे माझ्याकडे बोट करून टेक, टेक, टेक.

मी त्यांच्या हातावर मारलं. डाव्या. जो चालतो त्या.

ते हात छातीशी घेऊन बसले, वर्गात छडी खाल्लेलं पोर बसतं तसे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. नंतर त्यांनी सगळ्या गोळ्या मुकाट घेतल्या. ते जास्त वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

धवल काल येऊन आज गेला. त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटपासून पाच-सहा किलोमीटरवर एक सेंटर आहे. अशीच माणसं ठेवतात, रोज व्यायाम, रोज स्पीच थेरपी, चोवीस तास माणसं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. खोल्या स्वच्छ आहेत, पडदे पिवळे.

"आणि मी?"

"तू आमच्याकडे राहा की. ऋता म्हणते, हॉलमध्ये तुझी सोय करू. पण आई, बाबांना घरात नाही ठेवता येणार. सातवा मजला, दोन खोल्या, आम्ही दोघं दिवसभर बाहेर."

"मी त्यांना इथं बघतेय ना."

"बघतेयस. पण तुझ्याकडे बघितलंयस का तू?"

मग तो ह्यांच्या कॉटवर बसला. "बाबा, पुण्याला यायचं ना? मी नेतो. तिथं बरे व्हाल."

हे म्हणाले, "टेक."

"बघ आई. ने म्हणतायत. टेक मी."

"'टेक मी' कुठं म्हणाले ते? नुसतं टेक म्हणाले. टेक म्हणजे ने पण होतं. काढ पण होतं. काढून टाक हा विषय, असंही असेल. दोन पानं अर्थ आहेत रे त्याचे. मी बघितलेत."

"मग तुझ्या मते काय म्हणाले?"

मला सांगता येईना. चाळीस वर्षं नवऱ्याच्या नुसत्या खोकल्यावरून त्याचं काय चाललंय ते ओळखणारी बाई मी. पण तेव्हा खोकल्याच्या आजूबाजूला बाकीचा माणूस होता. धवलनं ह्यांना पुन्हा विचारलं, "बाबा, नाही यायचंय का?" हे म्हणाले, "टेक."

धवल उठून मागच्या दारी गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर धुण्याच्या दगडावर बसला होता, चष्मा काढून. तसाच बसू दिला. पाडव्यानंतर बघू, असं ठरलं.

२५ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलून बघा, वाट कदाचित तिकडून उघडेल. मी म्हटलं, मला येत नाही. मॅडम म्हणाल्या, "त्यांना तरी कुठं येतंय आता?"

दुपारी दार लावून घेतलं. टेकची वही उघडली. अगदी परीक्षेचा पेपर उघडायचे तशी. ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि वाचलं, "आय टेक टी." ह्यांनी मान वर केली. किती दिवसांनी अशी नजर बघितली. वर्गात दाराशी कुणी आलं की बघायचे तशी.

"वी टेक टी." मान हलवली. बरोबर.

"यू टेक टी." बरोबर.

"शी टेक टी."

डावा हात वर. थांब. तर्जनी उभी धरली, हवेत काहीतरी वळवलं. तोंड वाकडं होऊन लाळ आली, पुसायला गेले तर हात झटकला. मग म्हणाले, "टेक्स."

टेक्स! शीला टेक्स लागतं! दुसरा शब्द! मी उभी राहिले, पुन्हा बसले. "शी टेक्स टी," मी म्हटलं. ह्यांनी डोळे मिटून मान डोलावली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात नऊ मिनिटं तसाच होता. घड्याळ समोरच होतं म्हणून माहीत.

मॅडमना फोन केला. त्या ओरडल्याच फोनवर. चारला वस्ताद आला, त्याला सांगितलं तर म्हणाला, "मला नववीत ह्या 'एस'पायीच बशिवलतं बघा!"

४ मार्च

टेक्स पुन्हा आलं नाही. रोज बसतो आम्ही दुपारी. मी मुद्दाम चुकते. शी टेक, ही टेक, धवल टेक. हात वर येतो, बोट उभं राहतं, तोंड उघडतं, आणि टेकच बाहेर येतं. त्यांनाही कळतं चुकलं ते. काल स्वतःच्या तोंडावर डाव्या हातानं चापट मारून घेतली.

आता मुद्दाम चुकत नाही. सगळं बरोबर वाचते. त्यांना दुरुस्त करायला काही उरत नाही.

१३ मार्च, गुरुवार

मंगळवारचं आज लिहिते. डाव्या मनगटाला प्लॅस्टर आहे, उजव्यानं लिहिता येतं.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास ह्यांना कमोडच्या खुर्चीवरून कॉटवर घेत होते. काखेत हात घातला, उचललं, आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. पडताना आवाज ऐकला तेवढाच. शुद्ध आली तेव्हा मी फरशीवर होते आणि हे माझ्या शेजारी कुशीवर. माझा हात वळत नव्हता, डोकं उचलत नव्हतं. हे ओरडत होते. टेक! टेक! टेक! इतका मोठा आवाज त्यांच्यात शिल्लक होता हे मला माहीत नव्हतं. शेजारच्यांना ऐकू गेला होता, पण ते म्हणाले, सर रोजच ओरडतात तसं वाटलं.

मधेच आवाज लांब गेला. मान वळवून बघितलं तर हे डाव्या कोपरावर स्वतःला ओढत टेबलाकडे चालले होते. टेबलावरचं कापड धरून ओढलं. सगळं खाली आलं. तांब्या, चष्मा, गोळ्यांचे डबे. त्यातली एक पट्टी मुठीत धरून तसेच सरपटत परत आले. ती पट्टी माझ्या तोंडाजवळ आणली. "टेक."

चारला वस्ताद आला. त्याच्याकडे किल्ली असते. दारातच म्हणाला, "आयला, ही काय गत!" आधी ह्यांना उचलायला गेला तर ह्यांनी त्याला माझ्याकडे ढकललं.

दवाखान्यात प्रेशर दोनशे दहा निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी बंद केलीत?" मी म्हटलं, मी कुठं बंद केली? मग आठवून बघितलं. एकवीस डिसेंबरपासून घेतलेली नाही. कुणी बशीत ठेवलीच नाही.

ह्यांच्या मुठीतली पट्टी माझी होती. जुनी, डिसेंबरातली, चारच गोळ्या गेलेली. आणि गेल्या महिन्यात बशी माझ्याकडे ढकलत होते ती ह्यासाठी. पूर्ण वाक्य बोलत होते ते. मी हातावर मारलं.

१६ मार्च, रविवार

धवल गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी मला सांगितलंय, महिनाभर काही उचलायचं नाही, प्रवास नाही. पाडव्याची वाट बघण्यात अर्थ नाही, हे मलाही कळत होतं.

तरी धवलला म्हटलं, त्यांना विचारूया. मी विचारते. कॉटशेजारी बसले. मराठीत विचारलं, मग इंग्रजीत विचारलं. व्याकरण चुकलं असेल. "धवल टेक यू? ऑर आय टेक यू?" म्हटलं, जे म्हणाल ते. मी ओळखीन या वेळेला.

हे माझ्या प्लॅस्टरकडे बघत होते. बोलले नाहीत. टेकसुद्धा नाही. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की मी काही विचारलं आणि तो शब्द आला नाही.

"आई, उशीर होतोय," धवल म्हणाला.

वस्तादनं ह्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि दारच्या पायऱ्या उतरला. लहान पोराला नेतात तसं. खाली गाडीत बसवून पट्टा लावला, पाया पडला. "सर, लवकर या. माजं इंग्लिश राहिलंय." गाडी जनता बाजाराच्या वळणावर गेली. मी हात हलवत होते तो प्लॅस्टरचा, हे नंतर लक्षात आलं.

मी काहीच ठरवलं नाही. त्यांनी ठरवलं की धवलनं की डॉक्टरांनी, ते सांगता येत नाही. ते झालं.

३१ मार्च

काल पाडवा झाला. गुढी उभारली नाही, एका हातानं होत नाही. सेंटरमधून संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून देतात. हे पडद्यावर दिसतात, कपाळ जास्त आणि तोंड कमी. मला बघून टेक म्हणतात. मी म्हणते, जेवलात का? टेक. मागून मुलगी म्हणते, "जेवले बरं का आजी, छान जेवले."

गाल बसल्यासारखे वाटले. धवल म्हणाला, कॅमेऱ्यानं तसं दिसतं.

गोळी घेतली. रोज घेते.

१३ एप्रिल, रविवार, पुणे

प्लॅस्टर बुधवारी निघालं. कालच्या एसटीनं आले. आज धवलनं सेंटरला सोडलं.

हे खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. शर्ट घरचाच, निळा, पण आत माणूस कमी. गळपट्टीत माझी दोन बोटं गेली असती. मला बघून आधी टेक म्हणाले, मग रडले, मग हसले. मी केस विंचरले. नखं वाढली होती, ती काढली.

बाराला जेवण आलं. भरवायला एक मुलगी, तेवीस-चोवीसची, सांगलीकडची. बोलायला गोड. तिनं पहिला घास दिला. हे चावत चावत म्हणाले, "टेक." तिनं दुसरा दिला. "टेक." तिसरा दिला, तेव्हा हे जरा जोरात म्हणाले, "टेक, टेक."

"झालं का आजोबा? घेऊ ताट?" ती म्हणाली आणि ताट उचललं.

मला आधी कळलंच नाही. ती दारापर्यंत गेली. ह्यांचं तोंड पुढच्या घासासाठी उघडं होतं. मी हाक मारली, "अगं, कुठं नेतेस?"

"ते घ्या म्हणतात ना आजी. टेक. सिस्टरनी सांगितलंय, नको म्हटलं की जबरदस्ती नाही करायची."

"रोज असंच?"

"हो. सुरुवातीला चिडायचे ताट नेलं की. आता नाही चिडत."

अठ्ठावीस दिवस. दोन वेळा. ह्यांना दिवसभरात बोलता येतो तो एकच शब्द, आणि तो बोलला की जेवण जातं. भूक लागली तरी तेच म्हणणार. थांब, नेऊ नको, असं म्हणायलाही तेच. मी कॉलवर विचारत होते, जेवलात का, आणि हे सांगत होते.

मी ताट मागून घेतलं. सगळं संपवलं ह्यांनी. भात, आमटी, थंड झालेली भाजी, बशीतली चटणीसुद्धा.

१४ एप्रिल

धवलच्या घरी काल रात्री बोललो. मी म्हटलं, त्यांना परत कोल्हापूरला नेते. तो म्हणाला, आणि उचलणार कोण? ऋता माझ्या मनगटावर मलम लावत होती. तिचा हात हलका आहे. मी म्हटलं, मग इथं घरी आणू. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचंही खोटं नाही. मी आठही दिशांनी विचार करून बघितला. प्रत्येक दिशेला ह्यांना उचलायला माणूस लागतो.

सकाळी मोठ्या अक्षरांत कागद लिहून नेला. "सरांना जेवताना 'टेक' म्हणाले तर ताट काढू नये. तोंड मिटून मान फिरवली तरच झालं असं समजावं." कॉटच्या वर चिकटवला. सिस्टर चांगल्या आहेत. म्हणाल्या, "लिहिलंत ते बरं झालं. पण आजी, शिफ्ट बदलतात, नवीन मुली येतात. किती जणी वाचतील, मी सांगू शकत नाही."

१७ एप्रिल

मी पुण्यातच राहिलेय. दोन्ही जेवणांना जाते. कोथरूड डेपोवरून एक बस, पुलाखाली उतरून दुसरी. दुपारचं बाराला, संध्याकाळचं साडेसहाला. मधल्या वेळात तिथंच बाकावर बसते. आज ह्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या.

कागद आहे अजून. एका कोपऱ्याचं चिकटपट्टीचं टोक सुटलंय, दाबून बसवलं.

२२ एप्रिल

दुसरी बस आली नाही. अर्धा तास उभी होते, मग रिक्षानं गेले. पोचायला बारा वीस झाले.

ताट गेलं होतं. नवीन मुलगी होती, नाव विचारलं नाही. कागद जागेवर होता. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते, हनुवटीवर आमटीचा एक थेंब. पिशवीत दोन केळी होती आणि ऋतानं माझ्यासाठी दिलेला डबा. दोन्ही भरवलं. सावकाश खाल्लं. मधे मी विचारलं, अजून हवं? तर बोलले नाहीत. आता जेवताना बोलतच नाहीत ते. तोंड गच्च मिटून घास चावतात, आणि संपला की नुसतं उघडतात.

उद्यापासून साडेदहाची बस.